शिन-हांगा पद्धतीचं पहिलं छापचित्र: चार ठसे, रंगाचे दहा हात

जपानी लाकडी ठशांची छापचित्रं म्हटलं की होकुसाईची ती प्रचंड लाट आठवते. ती १८३१ च्या आसपासची. शिन-हांगा, म्हणजे 'नवी छापचित्रं', त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी आली. या लेखात त्या पद्धतीचं एक छोटं चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. छायाचित्रं आणि यंत्रावरची छपाई आल्यावर ठसे कोरणाऱ्या-छापणाऱ्या कारागिरांचा धंदा बसला होता. टोकियोतले प्रकाशक वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२) यांनी ओळखलं की कसबी हात अजून शिल्लक आहेत, त्यांना नव्या नजरेचे चित्रकार मिळाले तर काम उभं राहील. १९१५ मध्ये त्यांनी फ्रिट्झ कापेलारी या ऑस्ट्रियन चित्रकाराची चित्रं छापली, त्याच वर्षी हाशिगुची गोयो यांचं एक चित्र काढलं. १९१६ मध्ये इतो शिन्सुई आले, १९१८ मध्ये कावासे हासुई, १९२० च्या सुमारास योशिदा हिरोशी. हासुई आणि योशिदा या दोघांचंही शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेत झालेलं. योशिदा तर ठशांकडे वळण्याआधीच जलरंग-तैलरंगांत नाव कमावून बसलेले.

या चित्रांत पाश्चात्त्य काय आहे? प्रकाश. दिवसाची नेमकी वेळ, पाण्यातलं प्रतिबिंब, धुक्यात विरत गेलेला डोंगर, अंधारात एक उजळलेली खिडकी. आणि जपानी काय आहे? बाकी सगळं: चेरीचं लाकूड, कोझोचा (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा) कागद, पाण्यात कालवलेला रंग, तांदळाची खळ आणि बारेन, म्हणजे कागदाच्या पाठीवर हाताने घासायची चकती. छापखान्याचं यंत्र कुठेच नाही.

नवशिक्या माणूस इथे हमखास एक चूक करतो. तो आठवडेच्या आठवडे बारीक रेषा कोरत बसतो आणि छपाई एका दुपारी उरकतो. शिन-हांगातला प्रकाश कोरण्यातून येत नाही, तो छपाईत येतो. हासुईंच्या १९५३ सालच्या 'झोजोजीतलं हिम' या चित्राची छपाई जपानच्या सांस्कृतिक वारसा समितीने तंत्राची नोंद म्हणून करवून घेतली होती. त्यात रंगाचे ४२ हात आहेत. योशिदांच्या निक्कोच्या योमेइ दरवाजाच्या चित्रात ९६. म्हणून आपला नियम: कोरायचं कमी, छापायचं जास्त.

(तसं पाहिलं तर चित्र काढणं, कोरणं आणि छापणं एकट्याने करणं ही शिन-हांगाची रीत नव्हेच, ती तिच्या प्रतिस्पर्धी सोसाकु-हांगा चळवळीची. वातानाबेंकडे ही तीन माणसांची तीन कामं होती आणि वर प्रकाशकाचा डोळा. घरी करायला बसलं की चारही भूमिका आपल्याच.)

चित्र ठरवताना

चित्राचं माप २० × १५ सेंटिमीटर, आडवं. विषय संध्याकाळचं तळं: डावीकडे दूरचा डोंगर, उजवीकडे काठावरचं एक घर, घराला एकच उजळलेली खिडकी, खिडकीचं पाण्यात प्रतिबिंब, पुढे झाडाची काळी आकृती. विषय मुद्दाम असा निवडला आहे. आकाश आणि पाणी मोठं असल्यामुळे उतरत्या छटांचा सराव होतो, आणि खिडकी चुकली तर लगेच दिसते.

रेषांचं चित्र आधी पूर्ण करा, मग त्यावरून रंगांची वाटणी करा. चार ठसे लागतील. दोन फळ्यांच्या दोन्ही बाजू वापरल्या की झालं.

पहिला, रेषाठसा: घराच्या कडा, डोंगराची रेघ, पाण्यावरच्या चार-पाच लहरी. एवढंच.
दुसरा, आकाश आणि पाणी मिळून एकच मोठा सपाट ठसा. यातून फक्त खिडकी आणि तिचं प्रतिबिंब कोरून काढायचं.
तिसरा, डावीकडे डोंगर. त्याच फळीवर उजवीकडे खिडकी आणि प्रतिबिंबाचे तुकडे.
चौथा, घर आणि पुढचं झाड. खिडकी इथेही रिकामी.

खिडकी घराच्या ठशावर का घेतली नाही? एका ठशावर दोन रंग लावायचे तर दोघांत निदान ३ सेंटिमीटर अंतर लागतं, नाहीतर एका ब्रशचा रंग दुसऱ्यात जातो. डोंगर डाव्या टोकाला असल्यामुळे तिसऱ्या ठशावर ती सोय होते.

साहित्य

लाकूड: पारंपरिक लाकूड म्हणजे डोंगरी चेरी. ते महाग असतं आणि पहिल्या चित्राला त्याची गरज नाही. जपानी शिना प्लायवुड सर्वांत सोपं. ६ किंवा ९ मिलिमीटर जाडीचं, २६ × २२ सेंटिमीटरचे दोन तुकडे. ते मिळालं नाही तर शिवणीची रंधा मारून गुळगुळीत केलेली, पूर्ण वाळलेली फळी चालते. साधं कमर्शियल प्लाय कोरताना ढलप्या उडतात. एमडीएफ तर घेऊच नका, दोन-चार हातांत पाणी पिऊन फुगतो. फळीचे रेषे चित्राच्या आडव्या बाजूला समांतर ठेवा, म्हणजे आकाशाच्या छटा रेष्यांच्याच दिशेने ओढता येतील.

हत्यारं: एक तिरक्या पात्याची जपानी कोरणसुरी, ३ आणि ६ मिलिमीटरच्या गोल पात्याच्या दोन कोरण्या, एक लहान सपाट पटाशी. एवढीच, पण धारदार. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, चेपतं. चेपलेली कड पहिल्या पाण्याने फुगते आणि रेष जाड छापली जाते.

बारेन: अस्सल बारेनमध्ये बांबूच्या आवरणाच्या तंतूंची पिळलेली दोरी गुंडाळून बसवलेली असते आणि वरून बांबूचंच आवरण ताणून बांधलेलं असतं. सरावासाठीची स्वस्त बारेन पुरते. लाकडी चमच्याच्या पाठीने रेषाठसा छापता येईल, आकाश नाही. चमच्याचे पट्टे उमटतात.

ब्रश: घोड्याच्या केसांचे आखूड, दाट ब्रश. बुटांच्या पॉलिशचे नवे ब्रशही चालतात, मात्र केसांची टोकं बारीक पॉलिश पेपरवर ओली करून घासून मऊ करावी लागतात. जपानात हे काम शार्कच्या वाळवलेल्या कातडीवर करतात. उतरत्या छटेसाठी ७–८ सेंटिमीटर रुंदीचा एक ब्रश वेगळा ठेवा.

रंग: ट्यूबमधले चांगल्या प्रतीचे जलरंग. प्रशियन निळा, गेरूचा लाल, एक उबदार पिवळा आणि काळी शाई. चारच.

खळ: १० ग्रॅम तांदळाची पिठी १०० मिलिलिटर गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, मंद आचेवर सतत ढवळत ५ ते ७ मिनिटं शिजवा. पांढरेपणा जाऊन ती अर्धपारदर्शक झाली की उतरवा, मलमलच्या फडक्यातून गाळा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबट वास आला की फेकून द्या, ओढाताण करू नका.

ठसे आणि खुणा

चारही ठसे कागदावर एकाच जागी पडायला हवेत, आणि जपानी पद्धतीत ते काम केंतो नावाच्या दोन खाचा करतात. उजवीकडे खाली काटकोनी खाच, डावीकडे खाली एक सरळ खाच. कागदाचा उजवा कोपरा काटकोनात टेकवायचा, मग खालची कड सरळ खाचेला लावायची आणि कागद सोडायचा. दोन्ही खाचा चित्रापासून १ सेंटिमीटर बाहेर. उभी भिंत सुमारे १ मिलिमीटर खोल आणि अगदी सरळ, तळ बाहेरच्या बाजूला हळूहळू चढत जाणारा. भिंत तिरकी झाली की कागद तिच्यावर चढतो आणि प्रत्येक छपाईत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो.

आता ज्यावर सगळं काम उभं आहे तो टप्पा. रेषाचित्र पातळ कागदावर घ्या, त्यावरच दोन्ही केंतोच्या जागाही रेखाटा. फळीला खळीचा पातळ थर द्या, कागद चित्राची बाजू खाली करून चिकटवा. वाळल्यावर ओल्या बोटाने पाठीमागचा कागद हलकेच चोळून काढत राहा. चित्र उलटं दिसू लागेल. तेलाचा एक थेंब चोळला की रेषा आणखी स्पष्ट होतात. रेषाठसा आणि त्याच्या केंतोच्या खुणा यावरूनच कोरा.

रंगठशांसाठी मूळ चित्र पुन्हा ट्रेस करू नका. रेषाठसा कोरून झाला की त्याला शाई लावा, केंतोच्या कडांनाही लावा, आणि पातळ कोरड्या कागदावर तीन प्रती काढा. त्या तीन प्रती तीन रंगठशांवर उलट्या चिकटवा. कागद ताणू नका, खळ कमीत कमी. अशाने प्रत्येक रंगठशावर रेषा आणि केंतो यांचं आपसातलं अंतर रेषाठशाइतकंच येतं. वेगवेगळं ट्रेसिंग केलेले ठसे कधीच पूर्ण जुळत नाहीत. छपाईत कितीही खटपट केली तरी नाही.

कोरताना सुरी मुठीत, अंगठा वर, पातं स्वतःकडे ओढत. पहिला छेद रेषेलगत, पण पात्याचं टोक खाली जाताना रेषेपासून बाहेरच्या बाजूला, म्हणजे उभ्या राहणाऱ्या रेषेचं बूड रुंद राहील. दुसरा छेद दोन-तीन मिलिमीटर अंतरावरून उलट्या तिरकसपणे. मधली ढलपी आपोआप सुटते. रेषेखालचं बूड अरुंद झालं तर ती छपाईच्या दाबाने तुटते. तुटलेला तुकडा सापडला तर लाकडाच्या गोंदाने बसवा, वाळल्यावर पॉलिश पेपरने समतल करा.

रेषेजवळ २ मिलिमीटर खोली पुरते. जागा जितकी मोठी रिकामी तितकी ती खोल हवी, ४ मिलिमीटरपर्यंत, कारण ओला कागद झोळ खातो आणि तळाला टेकून डाग पडतो. खिडकीसारखी लहान जागा २ मिलिमीटरच ठेवा. दुसऱ्या ठशात तर कोरायला जवळजवळ काहीच नाही, तो अर्ध्या तासात होतो.

कागद

कोझोचा कागद, ६० ते ८० ग्रॅम वजनाचा. नेपाळी लोकता कागदावर सराव करता येतो, पण त्याची जाडी ठिकठिकाणी बदलते. कागद सरस दिलेला नसेल तर द्यावा लागेल, नाहीतर रंग टीपकागदासारखा पसरतो. २५० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम साधं जिलेटिन तासभर भिजवा, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, चिकटपणा जातो. त्यात अडीच ग्रॅम तुरटीची पूड घाला. रुंद मऊ ब्रशने एकाच बाजूला एक हात द्या, सावलीत वाळवा आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. पाण्याचा थेंब टाकून पाहा: तो वर बसून राहिला तर बरोबर, लगेच जिरला तर आणखी एक पातळ हात. तुरटी वाढवू नका. आम्लामुळे कागद पुढे ठिसूळ होतो.

कागद २२ × २८ सेंटिमीटरचे कापा आणि उजवा खालचा कोपरा अगदी काटकोनात असल्याची खात्री करा. सहा चांगल्या प्रती हव्या असतील तर बारा कागद घ्या. पहिले दोन-तीन रंग जुळवण्यात जातात, बाकी नुकसान मध्येच कुठे तरी होतंच.

छपाईच्या आदल्या रात्री कागद ओलवा. एका कागदावर ब्रशने पाणी फिरवा, त्यावर दोन कोरडे ठेवा, पुन्हा एक ओला, अशी गड्डी रचून ओलसर रद्दीत आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वजन ठेवा. सकाळी कागद गालाला लावला तर गार वाटला पाहिजे, पण चकाकता कामा नये. चकाकतो म्हणजे पाणी जास्त. थोडा वेळ कोरड्या रद्दीत दाबा. पूर्ण छपाई होईपर्यंत ओल तेवढीच राहिली पाहिजे. कागद वाळला की आक्रसतो, आणि मग केंतो निर्दोष असूनही घर खिडकीवरून सरकतं. जुळणी बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. कोरीव कामाला दोष देण्याआधी कागद हाताला लावून पाहा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ओली गड्डी दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. काम थांबवायचं असेल तर ती प्लास्टिकसकट फ्रीझरमध्ये ठेवा.

छपाई

सुरू करण्याआधी दहा मिनिटं ठसा ओल्या फडक्याने पुसून ठेवा. कोरडं लाकूड रंगातलं पाणी पिऊन टाकतं. दरवेळची कृती अशी: ठशावर रंगाच्या पाण्याचे काही थेंब, वाटाण्याएवढी खळ, ब्रशने गोल फिरवून एकजीव करा, शेवटी रेष्यांच्या दिशेने हलके हात मारा. थारोळं कुठेही दिसता कामा नये. कागद केंतोला लावून ठेवा, वर बेकिंगचा कागद, आणि बारेन मध्यापासून कडांकडे नागमोडी घासा. बारेनच्या तळाला तेलाचं बोट अधूनमधून फिरवा, नाहीतर ती अडखळते. कागद एका कोपऱ्याने सावकाश उचला आणि लगेच ओल्या गड्डीत परत.

एक रंग सगळ्या कागदांवर झाला की पुढचा. क्रम असा ठेवा.

पहिला हात, रेषाठसा. काळ्याने छापू नका. बऱ्याच शिन-हांगा चित्रांत रेषा करड्या किंवा निळसर असतात आणि वरच्या रंगांत बुडून जातात. जुन्या उकियो-एची (होकुसाईच्या काळच्या छापचित्रांची) ठसठशीत काळी चौकट इथे प्रकाश मारते. अर्धा सेंटिमीटर प्रशियन निळा, शाईचा एक थेंब, ३० मिलिलिटर पाणी.

दुसरा, खिडकी आणि प्रतिबिंब, पिवळा.

तिसरा, क्षितिजाची ऊब. दुसऱ्या ठशावर फक्त मधल्या पट्ट्यात अगदी पातळ गेरू, वर आणि खाली विरत जाणारा. इथे पिवळा मातकट रंग घ्यायचा मोह होतो. घेऊ नका: त्यावर पुढे प्रशियन निळा आला की आकाश हिरवट होतं आणि संध्याकाळ जाते. गेरूवर तोच निळा जांभळट करडा दिसतो.

चौथा आणि पाचवा हात आकाशाचा, सहावा पाण्याचा. तिन्हींसाठी बोकाशी, म्हणजे उतरती छटा. हिच्यावर वेळ घालवा.

ठशावर ओला स्पंज फिरवून पूर्ण पृष्ठभाग ओलसर करा. रुंद ब्रश पाण्यात बुडवून झटका. त्याच्या फक्त एका कोपऱ्याला निळा रंग आणि खळ लावा, दुसरा कोपरा पाण्याचाच. रंगाचा कोपरा आकाशाच्या वरच्या कडेला, पाण्याचा क्षितिजाकडे. आता ब्रश न फिरवता आडवा ओढा, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, चार-पाच वेळा. दर ओढीला किंचित खाली आणि पुन्हा वर. ब्रश चुकून उलटा धरला की रंग क्षितिजावर जातो, म्हणून मुठीवर रंगाच्या बाजूला खूण करून ठेवा. कागद ताबडतोब ठेवा, कारण ठशावरची छटा पसरत राहते.

खालच्या कडेला ठळक रेघ दिसली तर पाणी कमी पडलं. ढगासारखे डाग आले तर पाणी साठलं होतं. केसांच्या रेघा आल्या तर ब्रशची टोकं अजून राठ आहेत. एकाच हातात पूर्ण गडद छटा आणायला जाऊ नका. चौथा हात आकाशाच्या दोन तृतीयांशापर्यंत फिका, पाचवा फक्त वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये गडद. प्रत्येक वेळी छटा संपायची जागा थोडी वेगळी पडते, आणि त्यामुळेच ती मऊ दिसते. पाण्यासाठी हेच खालून वर, आकाशापेक्षा किंचित गडद.

सातवा, डोंगर. निळा-करडा, वरची कड स्पष्ट, पायथ्याला बोकाशीने विरलेला. हे एक केलं की धुकं आलंच.

आठवा, घर आणि झाडावर नुसता करडा. वाया गेल्यासारखा वाटतो, पण योशिदा असे करडे थर भरपूर वापरत. वरून येणारा रंग त्यामुळे खोल होतो. नववा, त्यावर निळसर काळा, थोडी जास्त खळ घालून. खळ कमी पडली तर पांढरे ठिपके राहतात. जपानी छपाईकार पोत म्हणून ते मुद्दाम आणतात, त्याला गोमाझुरी म्हणतात. आपल्याला इथे ते नकोत. खळ जास्त झाली तर कडा चकाकतात, कागद ठशाला चिकटून त्याचे तंतू उपटून येतात.

दहावा हात ऐच्छिक. पाण्यावर अगदी पातळ करडा, खळ जवळजवळ नाही, आणि बारेनची कड दाबून गोल-गोल फिरवा. तिच्या खुणा चित्रात उमटतात. जुन्या छपाईकाराला असं सपाट रंगात खुणा राहणं खपलं नसतं. वातानाबेंनी काही चित्रांच्या पार्श्वभूमीत त्या जाणूनबुजून ठेवून घेतल्या. आवडलं तर करा. पहिल्या चित्रात तळं शांत ठेवणंच बरं.

प्रत्येक दोन हातांनंतर एक कागद उजेडात धरून खिडकी पाहा. तिच्या कडेने पांढरी फट दिसत असेल तर कागद आक्रसला आहे किंवा केंतोत कचरा अडकला आहे. केंतो टूथपिकने साफ करा, गड्डीवर पाणी शिंपडून अर्धा तास झाका. तरीही फट राहिलीच तर चौथ्या ठशाची केंतोची भिंत कोरणीने अगदी केसभर मागे घ्या. उलट बाजूला हलवायची असेल तर भिंतीला लाकडाची पातळ चीप गोंदाने लावा.

वाळवणं आणि नंतर

चित्रं दोरीवर टांगू नका, सुरकुततात. टीपकागद आणि जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून वर वजन द्या. पहिल्या दिवशी टीपकागद तीन-चार वेळा बदला, मग दोन-तीन दिवस तसंच. ओल्यापेक्षा वाळल्यावर रंग बराच फिका दिसतो. म्हणून रंग ठरवायच्या दोन प्रती छपाईच्या मध्येच पूर्ण वाळवून पाहा.

सही खालच्या समासात पेन्सिलने. योशिदा आपलं नाव तिथे इंग्रजीत लिहीत. शिवाय चित्र आपल्या देखरेखीत छापलं आहे हे सांगणारा 'जिझुरी' शिक्का डाव्या समासात असे. आजही संग्राहक तो आधी शोधतात.

पुढच्या छपाईआधी बोस्टनच्या फाइन आर्ट्स संग्रहालयाच्या किंवा शिकागो आर्ट इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर हासुईंचं रात्रीचं एक चित्र मोठं करून बघा. आकाशात किती थर आहेत ते मोजायचा प्रयत्न करा. स्वतः दहा हात दिल्यावर डोळा बराच तयार झालेला असतो.

ठसे गार पाण्याने, मऊ ब्रशने धुवा, उभे ठेवून सावलीत वाळवा. उन्हात फळी वाकते. वाळल्यावर ते टाकू नका. योशिदांनी १९२६ मध्ये शिडाच्या होड्यांचं एकच चित्र त्याच ठशांवरून सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या रंगांत छापलं. १९३०-३१ च्या भारतभेटीनंतर केलेल्या मालिकेत ताजमहालही त्यांनी दिवसाचा आणि रात्रीचा असा दोन्ही केला. त्याच मालिकेत अजिंठा आणि वेरूळही आहेत. आपल्या चार ठशांवरून पहाट छापायची असेल तर रेषाठसा फिका तपकिरी घ्या, तिसरा हात दुप्पट रुंद करा, पाचवा गाळा, आणि खिडकी पिवळ्याने छापूच नका, कागदाचा पांढरा तसाच राहू द्या.